नाव असलेलं पातं



१८३१ सालच्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या हेग शहरात जावा बेटावरून आलेली एक कट्यार राजा पहिला विलेम याच्या दुर्मीळ वस्तूंच्या दालनात जमा झाली. पाच वर्षं डच सत्तेशी लढलेल्या राजपुत्र दिपोनेगोरोची ती क्रिस होती. तिला नाव होतं, कियाई नोगो सिलुमान. ‘कियाई’ ही जावातली आदराची उपाधी आहे. वडीलधाऱ्या, ज्ञानी माणसाच्या नावाआधी ती लावतात. १८८३ मध्ये ते दालन मोडलं, वस्तू वेगवेगळ्या संग्रहालयांत गेल्या, आणि या क्रिसचा पत्ता लागेना. ती चोरीला गेली नव्हती, वितळवली गेली नव्हती. लायडनच्या संग्रहालयात इतर अनेक क्रिसांच्या शेजारी ती पडून होती. हरवली होती ती फक्त तिची ओळख.

आज मला या क्रिसविषयी बोलायचं आहे. आग्नेय आशियातल्या माणसाने शस्त्र या गोष्टीचा जो विचार केला, तो या एका पात्यात जितका स्वच्छ दिसतो तितका मला इतरत्र कुठे दिसलेला नाही. माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. क्रिस म्हणजे लोखंडात लिहिलेली नात्यांची नोंद आहे. कोणी घडवली, कोणासाठी घडवली, कोणी कोणाला दिली, आता तिची काळजी कोण घेतं, हे कळलं तर ती क्रिस. हे पुसलं गेलं की उरतं ते हातभर लांबीचं धारदार लोखंड.

तिची घडण पाहू. क्रिस ही भोसकण्याची कट्यार. छाट मारण्यासाठी ती नाही. पातं दुधारी, आणि बुडाशी एका बाजूने अधिक पसरट. त्या बुडाखाली ‘गंजा’ नावाचा वेगळा तुकडा बसवलेला असतो, तोही बहुधा त्याच धातूतून काढलेला. पातं सरळ असतं किंवा नागमोडी. आपल्याला चित्रांमुळे नागमोडीच ठाऊक असते, पण सरळ क्रिसही तितक्याच मानाच्या. वळणांना ‘लूक’ म्हणतात आणि ती नेहमी विषम मोजतात : तीन, पाच, सात, बहुधा तेरापर्यंत. पात्याच्या घाटाला ‘धापुर’ म्हणतात, आणि प्रत्येक घाटाला स्वतःचं नाव असतं.

आणि मग येतो ‘पामोर’, म्हणजे पात्यावर उमटलेली धातूची नक्षी. ही वरून कोरलेली नसते, पात्याच्या अंगातच असते. ‘एम्पू’, म्हणजे क्रिस घडवणारा लोहार, साधं लोखंड आणि निकेलचा अंश असलेलं लोखंड एकावर एक ठेवतो, तापवतो, ठोकून एकजीव करतो, लांबवतो, दुमडतो, पुन्हा तापवतो. दर घडीला थर दुप्पट होतात. एका थराचे सहा घड्यांत ६४, सातव्या घडीला १२८. मध्ये पोलादाची पट्टी घालतात, धार तिची. या सगळ्यात सुरुवातीच्या लोखंडाचा मोठा भाग ठिणग्या आणि खपल्या होऊन उडून जातो. हातात राहणारं पातं मूळ वजनाच्या मानाने फारच हलकं असतं.

निकेलयुक्त लोखंड यायचं कुठून? बरंचसं सुलावेसी बेटावरच्या लुवू प्रदेशातून. तिथल्या खडकांत निकेल आहे. आजही तिथे निकेलच्या मोठ्या खाणी चालतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रम्बानान भागातल्या एका उल्केचे तुकडे सुराकर्ताच्या राजवाड्यात आणले गेले आणि त्या लोखंडातून राजघराण्याच्या क्रिस घडल्या. त्या उल्काखंडालाही आदराने नाव दिलं गेलं, कांजेंग कियाई पामोर. आकाशातून पडलेला धातू आणि जमिनीतून काढलेला धातू एकाच पात्यात सांधायचे, ही कल्पना तिथल्या लोकांना किती भावली असेल हे सांगायला नको.

पातं तयार झालं तरी नक्षी लगेच दिसत नाही. त्यासाठी लिंबाच्या रसात सोमलाचं द्रव्य मिसळून पातं धुतात. साधं लोखंड काळं पडतं, निकेलचे थर चांदीसारखे पांढरे राहतात, आणि अंगात दडलेली रेषा वर येते. एका प्रकारात सांडलेल्या तांदळाच्या दाण्यांसारखे ठिपके दिसतात, तो ‘वोस वुता’. दुसऱ्यात एकात एक गोल, तो ‘उदान मास’, सोन्याचा पाऊस. क्रिस विषारी असते असं युरोपात फार काळ समजलं गेलं. त्या समजुतीला या सोमलाने बळ दिलं असणार, पण इथे सोमल लागतो तो नक्षी दिसावी म्हणून.

या लोहारकामाचं एक अप्रतिम शिल्प मध्य जावात लावू पर्वताच्या उतारावर आहे. तिथलं सुकुह हे मंदिर पंधराव्या शतकातलं, त्याच्या दारावरचं साल १४३७ असं वाचतात. एका शिलापटावर लोहारशाळा कोरली आहे. डावीकडे एम्पू बसला आहे, हातात पातं, आजूबाजूला घडवलेली हत्यारं. हा एम्पू म्हणजे भीम, असं अभ्यासक मानतात. उजवीकडे भाता चालवणारा अर्जुन. आणि मधोमध, हातात लहानसं कुत्रं धरून, एक पाय उचलून नाचणारा गणपती! महाभारत आपण लहानपणापासून ऐकतो, पण पांडव लोहार झालेले आपण कुठे पाहिलेले नाहीत. स्टॅनली ओकॉनर या अभ्यासकाने या शिल्पावर लिहिताना धातूचं वितळणं-घडणं आणि जीवाचं मरण-जन्म यांचा संबंध जोडला. मला ते पटतं, कारण सुकुहच्या इतर शिल्पांतही शुद्धी आणि मुक्ती हेच विषय आहेत.

त्या शिल्पातला भाता जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडच्या लोहाराचा भाता कातड्याचा. अर्जुनाच्या हातात आहेत ते दोन उभ्या नळकांड्यांतले दट्टे. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, त्यामुळे वारा तुटत नाही. हा भाता आग्नेय आशियातला. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या मादागास्करमध्येही लोहार याच जातीचा भाता वापरत आले. मलाय-इंडोनेशियन बेटांतले दर्यावर्दी हिंदी महासागर ओलांडून तिथे जाऊन वसले, याची साक्ष भाषा देते तशी ही नळकांडीही देतात. तेव्हा सुकुहच्या त्या एका दगडावर कथा भारताकडून गेलेली आहे, पण भट्टी, भाता आणि पातं अस्सल तिथलं आहे. ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ असं म्हणण्याची आपल्याला घाई असते. हे शिल्प नीट पाहिलं तर ती घाई सुटते.

क्रिसच्या वयाबद्दल एक गोष्ट मराठी श्रोत्यांना जवळची वाटेल. आज ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या क्रिसांपैकी एक अॅम्स्टरडॅममध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात योग्यकर्ताच्या पाकू आलाम घराण्याने ती शार्ल क्नाऊद नावाच्या डच गृहस्थाला दिली होती. तिच्यावर साल आहे शके १२६४, म्हणजे इसवी सन १३४२. आपल्या पंचांगात शालिवाहन शके म्हणून जे मोजतो, तेच हे शके. पुढे १६३३ मध्ये जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने कालगणना बदलली, महिने इस्लामी चांद्र पद्धतीचे घेतले, पण वर्षाचा आकडा मात्र शकाचाच, १५५५ वरून पुढे चालू ठेवला. या पंचांगाचा पहिला महिना सुरो. राजवाड्यांतल्या आणि घरोघरच्या क्रिस वर्षातून एकदा धुऊन स्वच्छ करण्याचा काळ हाच.

बाहेरून आलेल्या प्रवाशांच्या नजरेतून क्रिस सुटली नाही. चीनच्या झेंग हच्या आरमाराबरोबर आलेला मा हुआन पंधराव्या शतकात नोंदवतो की जावात तीन वर्षांच्या मुलापासून शंभरीच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक पुरुषाच्या कमरेला कट्यार असते, पात्यावर बारीक रेषा आणि पांढरी फुलं दिसतात, मूठ सोन्याची, गेंड्याच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची, माणसाच्या नाहीतर भुताच्या चेहऱ्याची. ती पांढरी फुलं म्हणजे पामोर. शंभरेक वर्षांनी पोर्तुगीज तोमे पिरेस मलाक्काहून लिहितो, गरीब असो वा श्रीमंत, जावातल्या प्रत्येक माणसाच्या घरी क्रिस असलीच पाहिजे. हे फक्त राजे-सरदारांचं शस्त्र नव्हतं, ते प्रत्येकाचं होतं. पुढे हा घाट मलाय मुलखात, बालीत, बुगी लोकांत आणि फिलिपीन्समधल्या मिंदानाओ बेटापर्यंत पसरला. मिंदानाओत ती लांब-रुंद झाली आणि छाट मारण्याचं शस्त्र बनली.

प्रत्येकाचं शस्त्र म्हटल्यावर ते प्रत्येकाच्या आयुष्यातही आलं. जावानी समजुतीत पुरुषाचं आयुष्य भरलेलं म्हणायचं तर घर, पत्नी, घोडा, पाळलेला पक्षी आणि क्रिस या पाच गोष्टी हव्यात. लग्नात नवरदेवाच्या कमरेमागे क्रिस खोवलेली असते आणि तिच्या मुठीवर मोगऱ्यासारख्या फुलांची माळ सोडलेली असते. बायकांसाठीही लहान क्रिस असे, तिला पात्रेम म्हणतात. वडिलांकडून मुलाकडे, सासऱ्याकडून जावयाकडे, राजाकडून सरदाराकडे ती जाते, आणि देणं म्हणजे विश्वास टाकणं. अशा वारशाच्या वस्तूला तिथे ‘पुसाका’ म्हणतात. खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं, अवजारं पुसून, हळद-कुंकू वाहून पूजतो, त्यामुळे ही भावना आपल्याला परकी वाटू नये. फरक इतकाच की जावात प्रत्येक पुसाकेची स्वतःची कहाणी घराला सांगता यावी लागते.

ती कहाणी किती भयानक असू शकते, हे ‘पाराराटोन’ या जुन्या जावानी ग्रंथात आहे. केन आरोक नावाच्या बंडखोराने एम्पू गांद्रिंगला क्रिस करायला सांगितली. एम्पूने वर्षभराचा वेळ मागितला. केन आरोक पाच महिन्यांतच आला, पातं अपुरं दिसलं, रागाच्या भरात त्याच पात्याने त्याने एम्पूलाच भोसकलं. मरताना एम्पू शाप देऊन गेला की हीच क्रिस तुझा आणि तुझ्या वंशाचा जीव घेईल, सात राजे तिने मरतील. केन आरोक पुढे सिंगासारीचा राजा झाला आणि त्याच क्रिसने मेला. इतिहास म्हणून ही कथा कितपत घ्यावी हे बाजूला ठेवू. तिच्यात जो विचार आहे तो महत्त्वाचा : घडवणाऱ्याचा वेळ न देता हिसकावून घेतलेलं पातं कोणाचंच होत नाही.

आता दिपोनेगोरोकडे. जन्म ११ नोव्हेंबर १७८५, योग्यकर्ताच्या राजघराण्यातला. पणजी रातू अगेंगने त्याला राजवाड्यापासून दूर तेगालरेजो इथे वाढवलं, शेतकऱ्यांत आणि धर्मशिक्षकांत. डचांची दरबारातली ढवळाढवळ आणि जमिनींवरची पकड वाढत होती. १८२५ च्या जुलैत त्याच्या जमिनीतून रस्ता काढण्यासाठी खुंट्या ठोकल्या गेल्या आणि युद्ध पेटलं. ते पाच वर्षं चाललं. सुमारे २ लाख जावानी माणसं मेली. डचांकडून ८ हजार युरोपीय सैनिक आणि ७ हजार स्थानिक साहाय्यक गेले. पुढची बरीच वर्षं जावा उठू शकला नाही.

१८३० च्या फेब्रुवारीत, फौज विखुरलेली असताना, दिपोनेगोरो डच कर्नल क्लेरेन्सला भेटला. बोलणी फिसकटली तर आपल्याला मोकळं परत जाऊ देतील, अशी त्याची समजूत करून दिली होती. कियाई नोगो सिलुमान क्लेरेन्सच्या हाती आली ती याच संबंधातून. जावानी रीत लक्षात घ्या. क्रिस हातात देणं म्हणजे शब्दावर विश्वास ठेवणं. २८ मार्च १८३० रोजी, रमजान नुकताच संपलेला असताना, दिपोनेगोरो मागेलांगला जनरल दे कॉकच्या भेटीला गेला आणि तिथेच त्याला अटक झाली. मग बटाविया, मग मनाडो, शेवटी माकासारचा किल्ला. पंचवीस वर्षं कैद भोगून ८ जानेवारी १८५५ रोजी तो गेला. ज्या सुलावेसीच्या लोखंडाने जावाची पाती उजळत असत, त्याच बेटावर त्याला माती मिळाली. स्वतःची कियाई बोन्दोयुदो ही क्रिस त्याच्यासोबत पुरली गेली.

क्लेरेन्सकडे गेलेली क्रिस मात्र विजयचिन्ह म्हणून राजाकडे गेली. विश्वासाने दिलेली वस्तू लुटीच्या रांगेत बसली. ही लूट आहे की भेट, असा प्रश्न युरोपातल्या संग्रहालयांना वारंवार पडतो. कागदावर ती भेटच दिसेल. पण देणारा सहा आठवड्यांत कैदी होतो, तेव्हा त्या भेटीला काय म्हणायचं, हे आपण स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवायला हवं.

रादेन सालेह हा जावाचा महान चित्रकार अटकेच्या वर्षी नेदरलँड्समध्ये शिकत होता. त्याने १८५७ मध्ये या अटकेचं चित्र काढलं. त्यात दिपोनेगोरो ताठ मानेने, राग आवरून उभा आहे, आणि त्याच्या माणसांपाशी शस्त्रं नाहीत. ते भेटीला आले होते, लढायला नाही, हे चित्रकाराला सांगायचं आहे. निकोलास पीनेमान या डच चित्रकाराने हाच प्रसंग रंगवला होता, पण त्याचा दिपोनेगोरो शरण आलेला आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहावीत अशी माझी तुम्हाला विनंती आहे.

१९७५ मध्ये इंडोनेशिया आणि नेदरलँड्स यांच्यात वस्तू परत करण्याविषयी सहमती झाली. १९७८ मध्ये रादेन सालेहचं ते चित्र, दिपोनेगोरोचं खोगीर आणि भाला परत आला. क्रिस मात्र मिळेना. १९८० च्या दशकात लायडनमध्ये शोध सुरू झाला आणि अडखळत पुढे गेला. शेवटी तिला ओळख मिळवून दिली ती कागदांनी. जानेवारी १८३१ चा दालनाचा पत्रव्यवहार सापडला. दिपोनेगोरोचा तरुण सेनापती सेन्तोत याचं जावानी निवेदन सापडलं, त्यात ही क्रिस क्लेरेन्सला दिल्याचा उल्लेख आहे. आणि त्या निवेदनाच्या कडेला रादेन सालेहच्या हातची टिपणं, पात्यावरच्या नागाचं वर्णन करणारी. एकाने पाहिलं होतं, दुसऱ्याने वाचलं होतं, आणि दोघेही जावानी होते. योग्यकर्ताच्या गाजा मादा विद्यापीठातले इतिहासकार स्री मार्गाना यांच्यासह तज्ज्ञांनी पडताळणी केली आणि ३ मार्च २०२० रोजी क्रिस इंडोनेशियाच्या राजदूतांच्या हाती दिली गेली. आठवडाभराने डच राजा विलेम-अलेक्झांडर इंडोनेशियात बोगोरला गेला तेव्हा ती तिथे मांडलेली होती.

आणि लगेच वाद सुरू झाला. क्रिसचे जाणकार म्हणाले, ‘नागासिलुमान’ या घाटात नागाचं फक्त डोकं दिसतं, शरीर पात्यात विरलेलं असतं. परत आलेल्या पात्यावर तर खवल्यांसह अख्खा नाग आहे, सोन्याच्या खुणाही आहेत. हा घाट ‘नागासास्रा’ आहे. मग ही तीच क्रिस का? दुसऱ्यांनी उत्तर दिलं, घाटाचं नाव आणि क्रिसला दिलेलं नाव एकच असलं पाहिजे असं नाही. त्या वर्षी जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती मांडल्यावरही हे थांबलं नाही. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे लंडनच्या संग्रहालयातून २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी साताऱ्याला आणलेल्या वाघनखांबद्दलही हाच प्रश्न उठला. ती ग्रांट डफच्या वारसांकडून आली, आणि ती शिवरायांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं संग्रहालयच म्हणतं. अशा प्रश्नाने श्रद्धेला धक्का बसतो असं मी मानत नाही. ज्यांना वस्तू मनापासून हवी आहे, तेच तिची ओळख तपासतात.

जावात ही तपासणी कोरडी नव्हती, कारण क्रिस घडवण्याची विद्या तिथे जिवंत आहे. अर्थात ती जवळजवळ संपली होती. विसाव्या शतकाच्या मध्याला भट्ट्या विझत चालल्या होत्या, एम्पूंची मुलं दुसऱ्या धंद्यांना लागली होती. १९७० च्या दशकात दीट्रिख ड्रेशर या जर्मन अभ्यासकाने योग्यकर्ताजवळच्या एम्पू जेनो हारुम्ब्रोजो यांना पुन्हा क्रिस घडवायला उद्युक्त केलं. वडील एम्पू सुपोविनांगून यांच्याकडून शिकलेलं काम जेनोंनी पुन्हा सुरू केलं आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. २००५ मध्ये युनेस्कोने क्रिसची मानवजातीच्या अमूर्त वारशात दखल घेतली. आज सुराकर्ताच्या कला संस्थेत क्रिसचा पदवी अभ्यासक्रम आहे. मादुरा बेटावरच्या आएंग तोंग-तोंग गावात शेकडो कारागीर पाती घडवतात, बरीचशी बाजारासाठी, थोडी फार उत्तम.

२०२३ च्या जुलैत नेदरलँड्सने आणखी ४७८ वस्तू इंडोनेशियाला परत केल्या. त्यांत १८९४ मध्ये लोंबोकमधून लुटलेला खजिना होता आणि बालीतल्या क्लुंगकुंग राज्याची एक क्रिसही. त्या बालीत, २० सप्टेंबर १९०६ रोजी, बादुंगचा राजा आणि त्याची माणसं पांढरी वस्त्रं नेसून, हातात क्रिस घेऊन डच बंदुकांवर चालून गेली आणि मेली. दोन वर्षांनी क्लुंगकुंगमध्येही तेच घडलं. अशा कितीतरी पात्यांपुढे युरोपातल्या नोंदवह्यांत आजही केवळ ‘कट्यार, जावा’ किंवा ‘कट्यार, बाली’ एवढंच लिहिलेलं आहे. त्यांची नावं कोणाला सांगता येतील तर ती सुराकर्ताच्या वर्गात घाट आणि पामोर वाचायला शिकणाऱ्या मुलांना, आणि आजोबांच्या पुसाकेची कहाणी अजून पाठ असलेल्या घरांना. त्यांच्यापर्यंत या वस्तूंची छायाचित्रं आणि जुने कागद पोचवण्याचं काम सुरू झालं आहे. त्याला वेग हवा, आणि लायडनसारख्या संस्थांनी त्यासाठी दारं पूर्ण उघडावीत, असं मला मनापासून वाटतं.